हरभऱ्याएवढे चाक

प्रस्तावना

नवे घड्याळ, मिक्सर किंवा शिलाई यंत्र घरी आणले, की खोक्यातून घडी घातलेला एक कागद निघतो. त्यावर बारीक अक्षरांत सूचना छापलेल्या असतात. आपल्यापैकी बरेच जण तो कागद न वाचताच खोक्यात परत टाकतात. तुम्हीही असे कधीतरी केले असेल. प्रस्तुत पाठात अशाच एका न वाचलेल्या ओळीची हकिकत आली आहे. त्या निमित्ताने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांपासून विमानांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती तयार करण्याच्या छंदाची ओळख तुम्हांला होईल. पाठातील घटना लखनौमध्ये घडते. पण त्या शहराच्या इमामबाड्यांचे किंवा नवाबांचे वर्णन येथे नाही. येथे आहे ते कारखान्यात काम करणाऱ्या एका मराठी माणसाचे घर.

हा पाठ अभ्यासल्यानंतर 'प्रमाण' ही कल्पना तुम्ही उदाहरण देऊन सांगू शकाल, एखादी कृती क्रमाने लिहू शकाल आणि मोठ्या कामातील एकाच भागाला ज्याचा हात लागतो, त्या माणसाच्या मनाविषयी स्वतःचे मत मांडू शकाल.

मूळ पाठ

माझे मामा मूळचे नाशिकचे. आय.टी.आय.मध्ये टर्नरचे काम शिकून १९७२ साली ते नोकरीसाठी लखनौला गेले आणि तिथलेच झाले. हिंदुस्थान एरोनॉटिक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने १९७० साली लखनौत फैजाबाद रस्त्यावर कारखाना काढला होता. तेथे अख्खे विमान तयार होत नसे. आजही होत नाही. विमानाला लागणारी चाके, ब्रेक, द्रवदाबावर चालणारी यंत्रणा, वैमानिकापुढची उपकरणे अशी साधने तेथे बनतात. ती दुसऱ्या गावी जातात आणि तेथे विमानाला बसवली जातात. मामा लेथवर चाकांचे भाग कातत. केसाच्या जाडीपेक्षाही कमी फरक पडला तरी तो भाग बाद होई, असे ते सांगत. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नसे, थोडा ताठाच असे.

"मामा, तुम्ही केलेलं विमान आम्हांला दाखवा ना," असे मी लहानपणी एकदा म्हटले होते. मामा हसले. "अगं, विमान कुठलं? मी चाकं करतो. विमान जोडतात तिकडे बंगळूरला. मी पाहतो तेव्हा ते आकाशात असतं, आणि तेव्हा त्याची चाकं पोटात असतात."

त्या उत्तरातला सल मला तेव्हा कळला नाही. तो कळायला १९८४ची उन्हाळ्याची सुट्टी यावी लागली.

त्या सुट्टीत आई आणि मी लखनौला गेलो होतो. बाहेर लू वाहत होती. दुपारभर दारे-खिडक्या बंद आणि पाणी शिंपडलेले वाळ्याचे पडदे. मामींचे भाऊ व्यापारी जहाजावर नोकरीला होते. त्यांनी इंग्लंडहून मामांसाठी एक खोके आणले होते. झाकणावर ढगांतून झेपावणाऱ्या लढाऊ विमानाचे रंगीत चित्र होते. विमानाचे नाव जॅग्वार. इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मिळून घडवलेले हे विमान भारतीय हवाई दलात १९७९ साली आले. 'शमशेर' हे त्याचे आपल्याकडचे नाव. पुढे ते बंगळूरलाही तयार होऊ लागले आणि मामांच्या कारखान्यात त्याच्यासाठीचे काम येऊ लागले. त्यामुळे चित्र पाहताच मामांनी खोके दोन्ही हातांत घट्ट धरले.

झाकण उघडले आणि माझी मात्र निराशा झाली. आत विमान नव्हतेच. करड्या प्लॅस्टिकच्या चार-पाच चौकटी होत्या आणि त्यांना झाडाला कैऱ्या लागाव्यात तसे लहानमोठे तुकडे लटकलेले होते. प्रत्येक तुकड्याशेजारी आकडा. मी झाकणावरचे चित्र पाहत राहिले. मामांनी मात्र आधी चाके शोधली. सापडल्यावर ती चौकट त्यांनी उजेडात धरली आणि म्हणाले, "हरभऱ्याएवढं केलंय गं. पण जोडी बरोबर आहे बघ." जॅग्वारच्या मागच्या प्रत्येक पायाला दोन-दोन चाके असतात आणि नाकाखाली एक. खडबडीत, कच्च्या धावपट्टीवरही विमान उतरता यावे, वजन वाटले जावे, म्हणून ही जोडचाके. १९७५ साली इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलजवळच्या, वाहतुकीला अजून खुल्या न झालेल्या महामार्गावर एक जॅग्वार उतरवून त्याच्या या गुणाची चाचणी घेतली गेली होती. ही माहिती मला फार पुढे मिळाली. मामांना त्या वेळी एवढेच माहीत होते, की चाकांची जोडी बरोबर आहे.

झाकणाच्या कोपऱ्यात १:७२ असे छापलेले होते. मामांनी मला पट्टी आणायला सांगितली. खऱ्या विमानाचे प्रत्येक माप बहात्तराने भागायचे, की प्रतिकृतीचे माप मिळते. जॅग्वारच्या पंखांचा विस्तार ८.६९ मीटर, म्हणजे ८६९ सेंटिमीटर. त्याला ७२ने भागले की १२ सेंटिमीटर येतात. आम्ही पंख मोजले, बारा भरले. माझ्या गणिताच्या वहीतल्या भागाकाराचा असा पडताळा मला पहिल्यांदाच मिळाला. पण बहात्तरच का? शंभर का नाही? कारण हे प्रमाण फूट-इंचांच्या देशात ठरले. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फूट उंचीचा माणूस या प्रमाणात बरोबर एक इंचाचा होतो. खोक्यात वैमानिकही होता. बसलेला असल्याने इंचाहून कमी.

या छंदाचा उगम इंग्लंडमधला. १:७२ या प्रमाणातील लाकडी विमाने तेथे १९३०च्या दशकात लोकप्रिय झाली. १९३६ साली 'फ्रॉग' या नावाने उडती खेळणी विकणाऱ्या कंपनीने प्लॅस्टिकच्या भागांचे संच बाजारात आणले आणि त्या मालिकेला 'पेंग्विन' असे नाव दिले. पेंग्विन हा न उडणारा पक्षी, आणि ही विमानेही फळीवर ठेवण्यासाठीच. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीचे कौतुक वाटते. पुढे महायुद्धात या खेळाला वेगळेच वळण लागले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखणे सैनिकांना आवश्यक झाले. तेव्हा १९४२ साली अमेरिकेच्या नौदलाने शाळकरी मुलांना पाच लाख लाकडी विमाने करून देण्याचे आवाहन केले. प्रमाण तेच, १:७२. शाळांच्या सुतारकामाच्या वर्गांत कोरलेली ती विमाने काळी रंगवून सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वापरली गेली. युद्धानंतर प्लॅस्टिक स्वस्त झाले आणि असे संच इंग्लंड, अमेरिका व जपानमध्ये घरोघरी पोहोचले. आपल्याकडे त्या काळी ते परदेशातून येणाऱ्या पाहुण्याच्या पेटीतूनच येत. आता मोठ्या शहरांतील छंदसाहित्याच्या दुकानांत ते मिळतात आणि टपालानेही मागवता येतात.

पाठगत प्रश्न
खोके उघडल्यावर लेखिकेने आणि मामांनी काय पाहिले? दोघांच्या पाहण्यातील फरक सांगा.

तर आम्ही कामाला लागलो. मामांची शिस्त कारखान्याची. फरशीवर पांढरी चादर अंथरली, कारण एखादा तुकडा उडाला तर दिसला पाहिजे. भाग चौकटीतून पिळून तोडायचा नाही. चिमट्यासारख्या कातरीने किंचित दूर कापायचा आणि उरलेले बोंड पॉलिशकागदाने घासून सपाट करायचे. चौकट ही मुळात भागांना धरून ठेवण्यासाठी केलेली नसतेच. वितळलेले प्लॅस्टिक पोलादी साच्यात दाबाने सोडतात. ते ज्या पन्हळींतून वाहत प्रत्येक पोकळीपर्यंत जाते, त्या पन्हळींत थिजलेले प्लॅस्टिक म्हणजेच ही चौकट. मामांनी ती फिरवून फिरवून पाहिली आणि साचा कोठे उघडत असेल ते बोटाने दाखवले. प्रत्येक भागावर केसासारखी बारीक रेघ होती. साच्याचे दोन अर्धे तेथे मिळत होते.

डिंकाविषयी मात्र आमचा समज चुकीचा होता. या कामाचा डिंक चिकटत नाही, विरघळवतो. दोन्ही कडांचे प्लॅस्टिक तो किंचित मऊ करतो, त्या कडा एकमेकींत मिसळतात आणि द्रव उडून गेला की दोन भागांचा एक भाग होतो. "म्हणजे हे वेल्डिंगच," मामा म्हणाले. त्याचा थेंब कमी लागतो, जास्त पडला तर भाग सुरकुततो. त्याचा वास डोक्यात जातो म्हणून लूची पर्वा न करता एक खिडकी उघडी ठेवावी लागली. मामी शेजारणीकडून चिकनचे काम शिकत होत्या. त्यांच्या डब्यातली सुई आम्ही डिंकाचा थेंब उचलण्यासाठी पळवली. दोन दिवस त्या सुई शोधत होत्या.

सूचनापत्रिका इंग्रजीत होती. मला शाळेत इंग्रजी होते. मामांना कामापुरते येत होते. पण पत्रिकेत पायरीपायरीने चित्रे होती, आकडे होते, बाण होते. चित्रे समजत असताना अक्षरे कशाला वाचायची, असे आम्हां दोघांनाही वाटले. आकड्याला आकडा जोडत गेलो. सहा दिवसांत पाठ आणि पोट एक झाले, पंख लागले, शेपूट लागले. सातव्या दिवशी संध्याकाळी मामांनी चाके बसवली. ते काम त्यांनी मला करू दिले नाही. पाचही चाके एका पातळीत आहेत ना, हे त्यांनी काचेवर ठेवून, डोळा जमिनीला लावून तपासले. घरातले सगळे जमले. मामांनी हात काढून घेतला आणि विमान हळूच मागे कलून शेपटीवर बसले. नाक वर, पुढचे चाक हवेत!

मामींना हसू आवरेना. मामा मात्र गंभीर झाले. त्यांनी विमान पुन्हा सरळ केले. ते पुन्हा मागे बसले. "चाकं बरोबर आहेत," ते स्वतःशीच म्हणाले. "तोल चुकलाय." मग मी सूचनापत्रिका उलगडली आणि पहिल्यांदाच अक्षरे वाचली. तिसऱ्या पायरीच्या चित्राखाली एक ओळ होती: नाकाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वी आत वजन ठेवा. खऱ्या विमानाच्या पुढच्या भागात जड यंत्रे असतात. प्रतिकृतीचे नाक पोकळ असते. तेथे वजन नसले, तर तोल मागच्या चाकांच्याही मागे जातो.

एक ओळ. ती वाचायला अर्धे मिनिट लागले असते. आणि आता डिंकाने दोन अर्धे एकजीव केलेले, उघडायचे कसे? मामांनी रात्रभर विचार केला. सकाळी त्यांनी बारीक करवतीने विमानाचे नाक कापले, सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे डिंकात घोळवून आत बसवले, नाक परत जोडले आणि कापल्याची खूण पोटीन भरून घासून काढली. विमान पाच चाकांवर उभे राहिले. बोट फिरवले तर आजही ती खूण लागते.

रंगाच्या वेळी आणखी एक अडचण आली. खोक्यातली चिन्हे ब्रिटिश हवाई दलाची होती. पाण्यात भिजवली की कागदावरून सुटणारी, पंखांवर सरकवायची ती गोल चित्रे मामांनी पाहिली आणि खोक्यात परत ठेवली. आपल्या हवाई दलाच्या चिन्हात बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे वर्तुळ असते. मामांनी कागदाला भोक पाडण्याच्या यंत्राने गोल टिकल्या पाडल्या आणि काडेपेटीच्या काडीचे टोक दातांनी चावून केलेल्या कुंचल्याने त्या रंगवल्या. अकरा टिकल्या वाया गेल्या. आमच्याशेजारी राहणारे एक वृद्ध गृहस्थ हे पाहायला रोज येत. लखनौचे कारागीर पूर्वी मातीच्या बोटभर बाहुल्या करत. भिश्ती, धोबी, न्हावी, प्रत्येकाचा चेहरा वेगळा. एकोणिसाव्या शतकात त्या परदेशी गेल्या, संग्रहालयांत बसल्या. ते गृहस्थ विमानाकडे बोट दाखवून म्हणत, "हमारे यहाँ यह काम मिट्टी में होता था, पाटील साहब." मामांचे आडनाव पाटील नव्हते, पण महाराष्ट्रातून आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी पाटीलच होता.

विमान पुरे झाले त्या रात्री मामा बराच वेळ ते हातात घेऊन बसले होते. वरून पाहत, खालून पाहत, पंखाच्या टोकाकडून पाहत. मग म्हणाले, "बारा वर्षं झाली मला इथे. चाकाच्या वर काय असतं ते आज नीट पाहिलं."

मामा निवृत्त झाले. घर बदलताना सामानाच्या हलवाहलवीत विमानाचे एक चाक निखळून हरवले. घर झाडून पाहिले, पोती उलटी केली, मिळाले नाही. मामी म्हणाल्या, "त्या जागी खरंच एक हरभरा लावा, कुणाला कळतंय?" मामांना ते कळणार होते. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी लेथ मागून घेतले आणि ॲल्युमिनियमच्या सळईतून नवे चाक कातले. आयुष्यभर मोठी चाके कातलेल्या हाताला हे छोटे चाक सोपे गेले नाही. तीन बिघडली, चौथे साधले.

२४ ऑक्टोबर २०१७ रोजी हवाई दलाने लखनौ-आग्रा द्रुतगती मार्गावर, उन्नाव जिल्ह्यातील बांगरमऊजवळ विमाने उतरवण्याचा सराव केला. लखनौहून हे ठिकाण फार दूर नाही. मालवाहू हर्क्युलिस आले, मिराज आली, सुखोई आली आणि जॅग्वारही आली. मी तेव्हा लखनौला होते. दूरदर्शन संचावर रस्ता दिसत होता. दुभाजक काढलेला, दोन्ही बाजूंना लोकांची गर्दी. जॅग्वार खाली आले, जोडचाके डांबराला टेकली आणि क्षणभर धूर उठला.

"तुमची असतील का हो?" मामींनी विचारले.

"चाकं झिजतात, बदलतात. माझी कुठली आता," मामा म्हणाले. पण ते उठले. कपाटावरचे विमान त्यांनी खाली घेतले, पंखांवरची धूळ फुंकली आणि नखाने एक चाक फिरवले. ते गरगर फिरत राहिले. बाकीची चारही घट्ट होती. ती डिंकाने चिकटवलेली होती.

शब्दार्थ

प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी हुबेहूब केलेली दुसरी वस्तू. कातणे – (येथे) लेथवर फिरणाऱ्या धातूचा तुकडा हत्याराने तासून आकार देणे. सल – मनात टोचणारे दुःख. पन्हळ – द्रव वाहून नेणारी अरुंद खोबण. छर्रे – पोलादाच्या बारीक गोळ्या. पोटीन – भेगा व खाचा बुजवण्याचा लगदा. लू – उत्तर भारतात उन्हाळ्यात वाहणारा अतिउष्ण वारा.

समजून घेऊ या

या पाठात चाकाचा उल्लेख पुन्हा पुन्हा आला आहे, हे तुमच्या लक्षात आले असेल. खोके उघडताच मामा आधी चाके शोधतात, विमान शेपटीवर बसले तरी 'चाकं बरोबर आहेत' असे म्हणतात आणि शेवटीही चाकच फिरवतात. मात्र मामांना काय वाटले, हे लेखिका थेट सांगत नाही. 'मामा भावनावश झाले' असे एकही वाक्य पाठात नाही. त्यांच्या कृतींवरून ते ओळखण्याचे काम तिने वाचकावर सोपवले आहे. अकरा वाया गेलेल्या टिकल्या आणि तीन बिघडलेली चाके हे तपशील त्यासाठीच आहेत.

आता मामांच्या दोन वाक्यांकडे पाहा: 'मी चाकं करतो' आणि 'चाकाच्या वर काय असतं ते आज नीट पाहिलं'. दोन्ही वाक्ये साधी आहेत. पहिल्या वाक्यात 'विमान कुठलं?' या प्रश्नानंतर येणारा 'चाकं' हा शब्द म्हणून पाहा. त्यावर आपोआप जोर पडतो.

स्वाध्याय

१. विमान शेपटीवर का बसले? कारण आणि त्यावर मामांनी केलेला उपाय पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. डाकोटा या विमानाच्या पंखांचा विस्तार सुमारे २९ मीटर आहे. १:७२ या प्रमाणात तो किती सेंटिमीटर होईल? हे विमान तुमच्या घरातील कोणत्या फळीवर मावेल, ते मोजून पाहा.

३. हरवलेल्या चाकाच्या जागी मामींनी सुचवलेला उपाय मामांनी का मानला नसावा? तुमचे मत लिहा.

४. तुम्ही करत असलेल्या किंवा जवळून पाहिलेल्या कामातील एक कृती (टायर बदलणे, चोळी शिवणे, विटा रचणे, भाकरी थापणे) 'आधी', 'मग', 'त्यानंतर', 'तोवर' हे शब्द वापरून क्रमाने लिहा. चुकली तर पुन्हा उघडता येत नाही अशी पायरी त्यात कोणती, ती अधोरेखित करा.

५. पुण्यात कोथरूड भागात जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे आणि गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे. यांपैकी एका ठिकाणी प्रतिकृती पाहायला मिळतात, तर दुसऱ्या ठिकाणी खरी विमाने. शक्य असल्यास एका संग्रहालयाला भेट द्या आणि पाहिलेल्या एकाच वस्तूच्या एकाच भागाचे वर्णन दहा ओळींत करा.